चेरी रोडची आग : मागचे दार उघडले तेव्हा घराच्या आत काय घडले

घटना

३० मे १९९९ रोजी मध्यरात्र उलटून जेमतेम पाव तास झाला असताना, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनच्या ईशान्य भागातील चेरी रोडवरच्या एका रो-हाउसला आग लागल्याची वर्दी शहराच्या अग्निशमन दलाला मिळाली. घर लहान होते, गाड्या वेळेत पोहोचल्या आणि आग एकाच घरापुरती होती. तरीही वर्दीनंतर सुमारे दहा मिनिटांनी त्या घराच्या रस्त्याच्या पातळीवरील मजल्यावरची हवा अचानक इतकी तापली की तिथे काम करत असलेल्या जवानांपैकी एकाचा त्याच दिवशी, तर दुसऱ्याचा दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मृत्यू झाला. तिसरा जवान अतिशय गंभीर भाजूनही वाचला.

गंभीर घरगुती आगीला अग्निशमन दल कसे सामोरे जाते हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण निवडण्याचे कारण म्हणजे त्यात असामान्य असे फार थोडे आहे. स्फोटक रसायने नव्हती, इमारत कोसळली नाही. रोजच्या सरावातली कामे रोजच्यासारखीच झाली, फक्त ती एकमेकांशी जुळवून झाली नाहीत. शिवाय या घटनेचा तपास तीन बाजूंनी झाला : घटनाक्रम पुन्हा जुळवून पाहण्यासाठी दलाने स्वतः नेमलेल्या पुनर्रचना समितीने, व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेने म्हणजे नायॉशने, आणि मानके व तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय संस्थेने म्हणजे निस्टने. त्यामुळे त्या काही मिनिटांत काय घडले, याविषयी इतर बहुतेक आगींपेक्षा अधिक खात्रीने बोलता येते.

घराची रचना

घर उतारावर होते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते दुमजली दिसे आणि दर्शनी दारातून आत जाणारा माणूस थेट राहत्या मजल्यावर पोहोचे. मागच्या बाजूला जमीन एका मजल्याने खाली होती. तिथून तेच घर तीन मजली दिसे आणि तळघराचे काचेचे सरकते दार मागच्या अंगणाच्या पातळीवर उघडे. राहता मजला आणि तळघर यांना आतल्या जिन्याने जोडलेले होते.

ही रचना वाचायला सोपी वाटते, पण रात्रीच्या अंधारात, धुरात आणि घाईत तिचा अर्थ लावणे फार कठीण असते. पुढे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने जो पहिला मजला, तो मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने दुसरा. मागून कोणी ‘तळमजल्यावर आग आहे’ असे बिनतारी यंत्रावर सांगितले, तर पुढचा अधिकारी ते आपल्यासमोरच्या मजल्याविषयी आहे असे समजू शकतो. म्हणूनच दलाची पहिली गाडी पोहोचल्यावर शक्य तिथे घराभोवती पूर्ण फेरी मारून चारही बाजू डोळ्यांखालून घालाव्यात, असे शिकवले जाते. मात्र रांगेतल्या घराला फेरी मारायची तर संपूर्ण रांगेला वळसा घालावा लागतो, आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत तेवढी सवड बहुधा मिळत नाही. अशा वेळी मागे गेलेल्या पथकाने पुढच्या प्रमुखाला दिलेले वर्णन हीच त्या फेरीची भरपाई असते. किती मजले दिसतात, आग त्यांपैकी कितव्या मजल्यावर आहे, जमीन कुठे उतरते आणि तळघराला बाहेरून वाट आहे का, एवढ्या चार गोष्टी त्या वर्णनात आल्या नाहीत तर पुढचे सारे निर्णय अर्धवट चित्रावर घेतले जातात.

कामाची वाटणी

घराच्या आगीवर जाणाऱ्या ताफ्यात साधारणपणे दोन प्रकारच्या गाड्या असतात. बंबाच्या गाडीवरच्या पथकाचे काम पाणी नेण्याचे : नळी पसरायची, तिच्यात दाब आणायचा, आगीचे मूळ ठिकाण शोधायचे आणि तिथे मारा करायचा. शिडीच्या गाडीवरच्या पथकाकडे बाकीची सारी कामे येतात. अडलेली दारे उघडणे, अडकलेल्या माणसांचा शोध घेणे, शिड्या लावणे, आणि धूर व उष्णता बाहेर जावी म्हणून खिडक्या-दारे मोकळी करणे ही त्यांची जबाबदारी. दोन्ही पथके एकाच वेळी आपापल्या कामाला लागतात, कारण एकामागून एक करायला वेळ नसतो. या समांतर कामांचा मेळ घालणे हे घटनास्थळावरील प्रमुख अधिकाऱ्याचे काम असते.

चेरी रोडवर २६ आणि १० क्रमांकांच्या बंबांवरचे जवान नळ्या घेऊन दर्शनी दाराने आत गेले. आत दाट काळा धूर होता. आगीचे मूळ ठिकाण शोधण्यासाठी ते पुढे सरकत होते आणि ते ठिकाण त्यांच्या पायांखाली होते. दरम्यान १७ क्रमांकाच्या बंबाचे पथक आणि शिडीच्या गाडीवरचे काही जवान घराच्या मागच्या बाजूला पोहोचले होते.

आत गेलेल्या जवानाची स्थिती नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. तो गुडघ्यांवर असतो, कारण जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात थंड असते. एक हात नळीवर आणि दुसरा भिंतीवर ठेवून तो पुढे सरकतो. चेहऱ्यावरच्या मुखवट्यातून काही दिसत नाही, स्वतःच्या श्वसनयंत्राच्या झडपेचा आवाज कानांत भरलेला असतो, आणि हातमोज्यांच्या जाडीमुळे स्पर्शही बोथट झालेला असतो. खांद्यावरच्या बिनतारी यंत्रातून आलेला संदेश त्याला ऐकू आला नाही, किंवा ऐकूनही उत्तर देता आले नाही, तर त्यात नवल नाही. आतल्या पथकाकडून उत्तर आले नाही, या गोष्टीवर पुढे सारे प्रकरण फिरले, म्हणून हे इथे सांगणे गरजेचे वाटते.

तळघरातील आग

आग तळघराच्या छताजवळील विजेच्या जोडणीत सुरू झाली, असा तपासाचा निष्कर्ष आहे. तिथून ती खोलीतल्या वस्तूंवर पसरली आणि काही काळाने मंदावली. ती विझत चालली होती म्हणून मंदावली नव्हती, तर तिच्या वाट्याची हवा संपत आली होती.

बंद खोलीतील आगीचा हा स्वभाव अग्निशमनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. ते प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्वाळा तग धरू शकत नाहीत, पण तापलेल्या वस्तूंमधून ज्वलनशील वायू सुटतच राहतात. सोफा, गाद्या, गालिचे, प्लास्टिक या सगळ्यांपासून निघालेला काळा धूर हा प्रत्यक्षात न जळलेल्या इंधनाचा साठा असतो. खोलीत इंधन भरपूर, उष्णता भरपूर आणि उणीव फक्त हवेची. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र आत चार-दोन लहान ज्वाळा दिसतात आणि आग किरकोळ वाटते.

अशा खोलीला हवा मिळाली तर किती उष्णता निर्माण होते, याचा अंदाज ढोबळ हिशेबानेही बांधता येतो. घरात जळणाऱ्या बहुतेक पदार्थांच्या बाबतीत एक किलो प्राणवायू वापरला गेला की सुमारे १३ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते, मग जळणारा पदार्थ लाकूड असो वा प्लास्टिक. एका घनमीटर हवेत पाव किलोहून थोडा अधिक प्राणवायू असतो, म्हणजे घनमीटरभर हवेमागे साडेतीन मेगाज्यूल. माणसाच्या उंचीचे आणि मीटरभर रुंदीचे दार पेटत्या खोलीला उघडे मिळाले, तर त्यातून दर सेकंदाला साधारण तेवढीच हवा आत खेचली जाऊ शकते. एकाच दारातून येणाऱ्या हवेवर साडेतीन मेगावॅटची आग पोसली जाते. बंद खोलीला फ्लॅशओव्हरपर्यंत, म्हणजे खोलीतल्या सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेण्यापर्यंत न्यायला एवढी उष्णता पुरून उरते. त्या अवस्थेत छताखालचे वायू सुमारे ६०० अंश सेल्सियसला पोहोचतात आणि जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॅटचा मारा होतो.

मागचे दार

मागच्या बाजूला असलेल्या शिडीच्या गाडीवरच्या जवानांनी तळघराचे काचेचे सरकते दार मोकळे केले. त्यांच्या कामाच्या यादीत ते होतेच. धूर आणि उष्णता बाहेर काढली की आतल्या पथकाला दिसू लागते, श्वास घेण्याजोगी हवा वाढते आणि अडकलेल्यांचा शोध सोपा होतो, ही समजूत अनेक पिढ्यांच्या अनुभवावर उभी होती आणि योग्य परिस्थितीत ती खरीही आहे. पण ती खरी ठरण्यासाठी एक अट आहे : ज्या क्षणी वाट मोकळी होते, त्या क्षणी आगीवर पाणी पडले पाहिजे. हवा आणि पाणी यांच्यात जे आधी पोहोचते, ते पुढच्या मिनिटाचा निकाल ठरवते.

इथे हवा आधी पोहोचली. नळी घेऊन मागे असलेल्या १७ क्रमांकाच्या बंबाच्या अधिकाऱ्याला तळघरात लहानशी आग दिसत होती. त्याने तिच्यावर मारा करण्याची परवानगी बिनतारी यंत्रावरून मागितली. घटनास्थळ प्रमुखाने ती नाकारली. त्यामागचे कारण असे की आत गेलेली दोन पथके नेमकी कुठे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते, त्यांना त्याने यंत्रावरून साद घातली होती आणि उत्तर आले नव्हते. मागून पाण्याचा मारा झाला आणि आतले जवान त्याच पातळीवर समोर असले, तर उष्णता व वाफ त्यांच्याच अंगावर ढकलली जाईल, अशी त्याला भीती होती. समोरासमोरून मारा करू नये, हा अग्निशमनातला जुना आणि सुज्ञ नियम आहे.

या नकाराबद्दल त्या अधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. त्याच्यापाशी जेवढी माहिती होती, तिच्या आधारे त्याने आपल्या माणसांच्या बाजूने निर्णय घेतला. प्रश्न त्याच्या निर्णयाच्या आधी सुरू होतो. पाणी मारण्यासाठी परवानगी मागितली गेली, तशी ती दार मोकळे करण्यासाठीही मागितली जायला हवी होती. पाण्याचा मारा ही आगीवरची कारवाई आहे, याविषयी कोणाला शंका नव्हती. दार उघडणे हीसुद्धा तितकीच मोठी कारवाई आहे, ही जाणीव तेव्हाच्या कार्यपद्धतीत पुरेशी मुरलेली नव्हती. परिणामी एका कृतीला लगाम बसला आणि दुसरी मोकाट राहिली. पाण्याला नकार मिळाला तेव्हा दार पुन्हा बंद करणे वा अडवणे हा विचारही कोणाच्या समोर आला नाही, कारण दार उघडे असणे हा धोका आहे असे त्या क्षणी कोणी मानत नव्हते.

जिना

दार मोकळे झाल्यानंतर मिनिटाभरातच तळघर पूर्ण पेटले. तापलेल्या वायूंना वर जायला जिना होता, जिन्याच्या वर राहता मजला होता, आणि त्या मजल्यावरून बाहेर पडायला उघडे दर्शनी दार होते. खालून हवा आत, जिन्यातून आग वर आणि पुढच्या दारातून बाहेर, असा अखंड मार्ग तयार झाला. आजच्या अग्निशमन प्रशिक्षणात याला प्रवाहमार्ग म्हणतात आणि त्यात सापडणे हा आतल्या पथकासमोरचा सर्वांत मोठा धोका मानला जातो. २६ आणि १० क्रमांकांच्या बंबांवरचे जवान नेमके त्या मार्गात होते.

डॅनियल माद्रझिकोव्स्की आणि रॉबर्ट वेटोरी या निस्टच्या संशोधकांनी दलाच्या विनंतीवरून या आगीची संगणकावर पुनर्रचना केली आणि २००० साली अहवाल दिला. आग आणि धूर यांच्या हालचालींची गणिते मांडणारी त्यांची प्रणाली त्या वेळी नव्याने आकाराला येत होती. त्यांच्या गणनेनुसार जिन्यातून वर आलेल्या वायूंचे तापमान सुमारे ८२० अंश सेल्सियस आणि वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास होता. मजल्याएवढा जिना चढायला अशा वायूंना अर्धा सेकंदही लागत नाही. ८२० अंशांना हवेची घनता खोलीतल्या साध्या हवेच्या जेमतेम पाव हिश्श्याइतकी उरते, म्हणून ती इतक्या जोराने वर झेपावते.

जवानांच्या अंगावरचे संरक्षक कपडे या परिस्थितीसाठी नसतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. प्रचलित अमेरिकी मानकानुसार त्या कपड्यांची जी चाचणी होते, तिच्यात फ्लॅशओव्हरसारख्या उष्णतेला सामोरे गेल्यावर दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे फोड येण्याइतके, भाजेपर्यंत किमान सतरा-अठरा सेकंदांचा अवधी मिळावा, एवढीच अपेक्षा असते. हा अवधी बाहेर पडण्यासाठी आहे, काम करण्यासाठी नाही. माणसाच्या त्वचेला ४४ अंशांना वेदना सुरू होतात, ५५ अंशांना फोड येतात आणि ७२ अंशांना ती नष्ट होते. कपड्यांच्या आतले तापमान तेवढे चढू न देणे, हीच त्या सर्व थरांची मर्यादित कामगिरी. आणि ज्या दाराने बाहेर पडायचे, त्याच दाराकडे वायूही धावत असतील, तर ते सतरा सेकंदही पूर्ण मिळत नाहीत.

या पुनर्रचनेतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला तापमानाच्या आकड्यांपेक्षाही बोलकी वाटते. जवानांनी ज्या मजल्यावर प्रवेश केला तिथे धूर होता, पण त्यांना मागे फिरायला लावील एवढी उष्णता आधी नव्हती. परिस्थिती टप्प्याटप्प्याने बिघडली असती तर अनुभवी जवानाने ती ओळखली असती आणि तो मागे सरला असता. इथे सावध करणारा मधला टप्पाच आला नाही. सुसह्य आणि प्राणघातक यांच्यातले अंतर काही सेकंदांत कापले गेले, कारण बदल त्यांच्या मजल्यावर घडला नव्हता; तो खालच्या मजल्यावरच्या, त्यांना न दिसणाऱ्या एका दारात घडला होता.

शोध आणि मोजदाद

उष्णतेची लाट आल्यावर जे बाहेर पडू शकले ते पडले. मग पथकांची मोजदाद सुरू झाली, आणि ती लगेच जुळली नाही. दोन वेगवेगळ्या पथकांचे जवान एकाच मजल्यावर काम करत होते. एका बेपत्ता जवानाचा शोध चालू असताना दुसराही आत राहिला आहे हे उशिरा ध्यानात आले.

घटनास्थळ प्रमुखाकडे प्रत्येक पथकाचे नाव, संख्या, जागा आणि काम यांची चालती नोंद असणे, ठरावीक वेळाने प्रत्येक पथकाने ‘आम्ही सारे आहोत’ असे कळवणे, आणि केवळ आतल्या जवानांच्या सुटकेसाठी एक पथक श्वसनयंत्रांसह बाहेर सज्ज ठेवणे, या तीन गोष्टी आज घराच्या आगीवर कारकुनी काम म्हणून नव्हे, तर बचावकार्याचा भाग म्हणून केल्या जातात. १९९८ साली अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमात दोघे आत तर दोघे बाहेर ही अट सुधारित स्वरूपात आली होती. नियम कागदावर येण्यापासून तो मध्यरात्रीच्या गोंधळात अंगवळणी पडण्यापर्यंतचे अंतर मोठे असते. ही नोंद नीट असती तर घटनास्थळ प्रमुखाला मागच्या पथकाच्या विनंतीवर वेगळा निर्णय घेता आला असता, असे मला वाटते, कारण आतले जवान तळघरात नाहीत, एक मजला वर आहेत, हे त्याला कळले असते. म्हणजे मोजदादीचा प्रश्न हा दुर्घटनेनंतरच्या शोधापुरता नाही. तो दुर्घटनेच्या आधीच्या त्या एका नकारापर्यंत मागे पोहोचतो.

नंतरच्या प्रयोगांनी काय दाखवले

चेरी रोडनंतर जो मुद्दा वर्षानुवर्षे वादाचा राहिला, तो मागून पाणी मारण्याचा. बाहेरून मारलेले पाणी आगीला घरात आत ढकलते, हे मत अग्निशमन दलांमध्ये खोल रुजलेले होते आणि घटनास्थळ प्रमुखाचा नकारही त्याच मतावर आधारलेला होता. २०१२ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर, पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या घरांमध्ये, न्यूयॉर्कचे अग्निशमन दल, निस्ट आणि सुरक्षाविषयक चाचण्या करणारी यूएल या संस्थांनी प्रत्यक्ष आगी लावून मोजमापे घेतली. त्यात तळघरातील आगींचाही समावेश होता. पेटलेल्या खोलीत बाहेरून काही सेकंद पाण्याचा सरळ झोत छताकडे मारला, तर केवळ त्या खोलीतले नव्हे, लगतच्या भागांतले तापमानही झपाट्याने उतरते, असे त्या मापनांत दिसले. आग ढकलली जाते असा जो अनुभव जवानांना येत असे, त्याचे खरे कारण बहुधा नवी वाट मोकळी होणे हे असते, किंवा नोझलचा झोत फवाऱ्यासारखा पसरट ठेवून त्याबरोबर हवाही आत लोटली जाणे हे असते. सरळ झोत आणि पसरट फवारा यांतला हा फरक बारीक वाटतो, पण नोझलच्या एका वळणावर सारा परिणाम पालटतो.

पाण्याची क्षमताही आकड्यांत पाहण्यासारखी आहे. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना ते सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता शोषते. नळीतून मिनिटाला ४०० लिटर पाणी जात असेल आणि त्यातले एक-तृतीयांशच खऱ्या अर्थाने कामी आले, तरी सुमारे पावणेसहा मेगावॅट उष्णता काढून घेतली जाते. वर दिलेल्या ढोबळ हिशेबातल्या, एका दारावर पोसल्या जाणाऱ्या आगीपेक्षा हे अधिक आहे. चेरी रोडसारख्या तळघराच्या दाराशी असलेली एक नळी, दार मोकळे होताच चालली असती तर आगीच्या तोडीस तोड ठरली असती.

दुसरी महत्त्वाची माहिती घरातल्या सामानाविषयी मिळाली. यूएलने एकसारख्या दोन खोल्या, एक जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाने आणि दुसरी आजच्या कृत्रिम फोमच्या सामानाने सजवून पेटवल्या. आधुनिक खोली चार मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला पोहोचली, तर जुन्या सामानाच्या खोलीला सुमारे अर्धा तास लागला. आजच्या जवानापर्यंत वर्दी पोहोचेपर्यंतच आगीने हवा संपवून मंदावण्याचा टप्पा गाठलेला असतो, असा याचा अर्थ. ज्येष्ठ जवानांनी आपल्या उमेदीच्या काळात खिडक्या फोडून धूर काढला आणि त्यांना यश आले, ते त्यांच्या काळातल्या आगींमुळे. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, घरांतले इंधन बदलले होते.

अशी वर्दी आज

या सगळ्या अभ्यासातून तयार झालेली कार्यपद्धती, २०२० च्या सुमारास, अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या एनएफपीए १७०० या मार्गदर्शिकेत एकत्र मांडली गेली. चेरी रोडसारखीच वर्दी आज या पद्धतीने हाताळायची तर घटनाक्रम बराच वेगळा दिसेल. पहिली गाडी पोहोचताच दर्शनी बाजूचे वर्णन यंत्रावर दिले जाईल आणि मागच्या पथकाला पहिला प्रश्न विचारला जाईल : किती मजले दिसतात आणि आग कितव्यावर आहे? दर्शनी दार उघडावेच लागले तर एक जवान त्याच्याशी थांबेल आणि नळीपुरती फट ठेवून ते ओढून धरेल, कारण तेही हवेचे दार आहे. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने जमिनीचे तापमान पाहिले जाईल, पण त्यावर विसंबून राहता येणार नाही. गालिचा आणि लाद्या खालची उष्णता झाकून ठेवतात, त्यामुळे कॅमेऱ्यात थंड दिसणाऱ्या जमिनीखाली पेटलेले तळघर असू शकते. मागचे दार, नळीत दाब येऊन नोझल हातात असल्याखेरीज आणि घटनास्थळ प्रमुखाने स्पष्ट सांगितल्याखेरीज, उघडले जाणार नाही. ते उघडताच खालूनच, आगीच्या पातळीवरून, सरळ झोताने मारा सुरू होईल, आणि तापमान उतरल्याचे कळल्यावरच वरचे पथक घरात खोलवर शिरेल. आत कोणी अडकल्याची पक्की खबर असेल तर शोधपथक आधी जाईल, मात्र तेही प्रत्येक खोलीत शिरताना मागचे दार लोटून घेईल, म्हणजे त्या खोलीपुरता प्रवाहमार्ग तुटेल.

या क्रमात सर्वांत अवघड घर ते, ज्याच्या तळघराला बाहेरून दार नसते. तिथे आगीच्या पातळीवरून मारा करण्याची सोय नाही, आणि आतल्या जिन्याने खाली उतरणे म्हणजे आगीच्या तोंडातून वाट काढणे. पूर्वी अशा जिन्यावरून नळी खाली रेटत नेणे हे धाडसाचे आणि कौशल्याचे काम मानले जाई. आज प्रशिक्षक त्याऐवजी तळघराची जमिनीलगतची लहान खिडकी शोधायला सांगतात. तीही नसेल तर वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून त्यातून खास तळघरासाठी बनवलेले फिरते नोझल खाली सोडले जाते. त्याआधी ती जमीन माणसांचे वजन पेलेल का, हे पाहावे लागते. आजच्या घरांत वापरल्या जाणाऱ्या हलक्या लाकडी तुळया खालून आग लागल्यावर जुन्या भरीव तुळयांपेक्षा फार लवकर खचतात. म्हणून तळघरात आग असल्याचे निश्चित झाले, खालून वाट नाही हेही निश्चित झाले आणि आत कोणी माणूस नसल्याची खात्री पटली, तर वरच्या मजल्यावर कोणालाही न पाठवता, घटनास्थळ प्रमुख बाहेरूनच पाणी घालत राहण्याचा आदेश देतो आणि घराचा वरचा भाग जाऊ देतो.